मानमोडीत गेलेल्या पणजीची कबर शोधताना: नगर, वडाळा, नेवासे

आमच्या घरात पणजीबद्दल दोनच गोष्टी पक्क्या होत्या. ती अमेरिकन मराठी मिशनची बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणारी बाई होती आणि ती मानमोडीत गेली. ही आईची आजी. तिचा फोटो नाही, आणि कबर कुठे म्हटलं तर एक मामा नगर सांगणार, दुसरा नेवासे तालुक्यातलं वडाळा. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, त्यामुळे साल मात्र हातात होतं. या शोधात सालासारखा दुसरा आधार नाही. तुमच्याकडे साल नसेल तर दुष्काळ, प्लेग, पटकी, कुणाचं लग्न, कुणाची नोकरी लागणं, असं काहीही धरून घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ते दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात आणा आणि मगच घराबाहेर पडा.

बहुतेक जण पहिल्यांदा दफनभूमीत जातात. माझं ठाम मत आहे की तिथे शेवटी जावं. शंभर वर्षांपूर्वी खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाची कबर कच्ची असायची: मातीचा उंचवटा, कडेने दगड, डोक्याशी लाकडी क्रूस. क्रूस वाळवी खाते, उंचवटा दहा पावसाळ्यांत बसतो, आणि त्याच जागी पुढे दुसरं दफन होतं. त्यातून १९१८ साली पाऊसही गेला होता. नगर जिल्ह्यात दुष्काळ आणि साथ एकदमच आली. मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांच्या आसपास माणसं नेली. दगड घडवायला पैसा आणि वेळ कुणाकडे असणार? त्यामुळे शोध कागदात करायचा आणि कागदाने सांगितलेल्या जागी जायचं.

कागदाकडे जाण्याआधी कुटुंब कुठल्या मिशनचं होतं ते ठरवा. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं, पुढे एसपीजी (इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचं मिशन) आलं, कॅथलिक आले. तिन्हींच्या वह्या वेगळ्या. आज अमेरिकन मिशन आणि एसपीजी यांच्या बऱ्याच मंडळ्या (गावोगावचे चर्चचे समुदाय) उत्तर भारतीय मंडळीत, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सीएनआय) आहेत, पण ती १९७० साली झाली, त्याआधीचं दप्तर ज्या त्या जुन्या देवळातच, म्हणजे चर्चमध्येच शोधावं लागतं. इंटरनेटवर ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या दफन नोंदी सापडतात, पण त्या मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या. आपल्या माणसासाठी तिथे रात्री जागवू नका. त्यापेक्षा अमेरिकन मराठी मिशनचे वार्षिक अहवाल पाहा. इंटरनेट अर्काइव्हवर काही वर्षांचे आहेत. मिशनच्या ठाण्यांनुसार (मिशनरी राहत त्या केंद्रांनुसार) माहिती असते, त्यावरून कुठलं खेडं त्या काळी कुठल्या ठाण्याकडे होतं ते कळतं. शोधताना वडाळा, वडाळे, नेवासा, नेवासे अशी सगळी रूपं टाका. इंग्रजीत तर स्पेलिंगचा धरबंधच नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण जुन्या कागदांत अहमदनगरच असणार.

मग ‘ज्ञानोदय’. १८४२ साली नगरलाच सुरू झालेलं हे मिशनचं पत्र. १९१२ पासून त्याच्या मराठी भागाचे संपादक रेव्हरंड ना. वा. टिळक होते. मी १९१८ ची बांधीव फाइल पुण्यातल्या एका धर्मशास्त्र विद्यालयाच्या ग्रंथालयात पाहिली. आधी पत्र पाठवून परवानगी घेतली होती. तशी घ्याच. पानं इतकी ठिसूळ की उलटताना कडेचा चुरा टेबलावर पडतो. फोटो काढायला परवानगी मिळाली तर झेरॉक्सचा आग्रह धरू नका, बांधणी उलगडून दाबली की पान तुटतं.

मृत्यूच्या बातम्या वेगळ्या सदरात असतील अशी अपेक्षा मी ठेवली नव्हती, आणि तेच कामी आलं. पाळक (मंडळीचे धर्मगुरू), मास्तर, मिशनरी यांच्या निधनाला स्वतंत्र मजकूर मिळतो. बायबलबाई मिळते ती गावोगावच्या पत्रांत. पणजी मला नोव्हेंबरच्या एका अंकात भेटली, वडाळ्याकडच्या बातमीपत्रात, पीकपाणी आणि बंद पडलेल्या शाळा यांच्या मधे. साथीत घरोघर औषध आणि कांजी घेऊन जात होत्या, जवळच्याच एका खेड्यात आजारी पडल्या, तिथेच प्रभूत झोपी गेल्या. जेमतेम चार ओळी. पण त्यात तिचं स्वतःचं नाव होतं आणि ती काय करत होती ते होतं. आईला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तिने तीनदा परत वाचायला लावलं.

मिळालेल्या ओळीच्या मागचे-पुढचे अंकही चाळा. खेड्यातलं पत्र छापून यायला वेळ लागायचा, त्यामुळे अंकाची तारीख ती मृत्यूची तारीख नव्हे.

वडाळा, म्हणजे वडाळा बहिरोबा, नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर, घोडेगावच्या पुढे. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, चढतानाच कंडक्टरला विचारा. रविवार गाठावा. उपासनेनंतर पाळकसाहेब आणि मंडळीचे पंच दोघेही भेटतात. वही एकाच्या ताब्यात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असा प्रकार असतो. आधी फोन, सोबत कुटुंबाची चार पिढ्यांची नावं एका कागदावर, आणि हात धुऊन पुसलेले. दानपेटीत काही टाकलंत तर उत्तम, मात्र वही दाखवण्याचा मोबदला म्हणून पैसे पुढे करू नका, माणसं दुखावतात.

दफनाच्या वहीत अनुक्रम, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, गाव, विधी करणाऱ्याची सही असे रकाने. सप्टेंबरपर्यंत एकाच माणसाचं गोल, सावकाश हस्ताक्षर. ऑक्टोबरात नोंदी दाटतात, वयाचा रकाना रिकामा राहू लागतो, मग हस्ताक्षर बदलतं, शाई फिकट होते आणि बायकांची नावं जाऊन ‘अमक्याची बायको’ एवढंच उरतं. पणजोबांच्या नावाने तशी एक नोंद होती. गावाच्या रकान्यात ‘ज्ञानोदय’मधल्याच खेड्याचं नाव, तारखेच्या जागी फक्त महिना. वाचणाऱ्याने इथे एक ध्यानात ठेवावं: आडनाव शोधू नका. त्या काळच्या वह्यांत आडनाव बहुधा नसतंच. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, या तिन्हींचा मेळ घाला.

तारीख दिली सरकारी दप्तराने. गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला तालुक्याला कोतवाल बुक म्हणतात. धर्म कुठलाही असो, गावात मेलेल्या प्रत्येकाची नोंद त्यात व्हायची होती, त्यामुळे मुसलमान, लिंगायत, ज्यांच्यात दफन होतं त्या सगळ्यांना याचा उपयोग आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी ठिकठिकाणी ही दप्तरं बाहेर काढली गेली आणि काही जिल्ह्यांनी स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली. म्हणून आधी जिल्ह्याचं संकेतस्थळ बघा. तिथे नसेल तर तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष. नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, आधार कार्ड, आणि अर्जात गाव व साल स्पष्ट. शनिवार-रविवार बंद असतं, म्हणून रविवारी देऊळ आणि सोमवारी तहसील असा बेत सोयीचा.

“ताई, मोडी वाचता येतं का?” हा पहिला प्रश्न. माझ्याबरोबर मोडी वाचणारे एक काका होते. १९१८ ची पानं मोडीतच आहेत. असा माणूस आधीच ठरवून न्या, कारण एकेका गावाची पानं सलग वाचावी लागतात आणि कार्यालयातल्या लोकांकडे तेवढी सवड नसते. काकांनी बोट ठेवलं त्या ओळीत पणजीचं नाव होतं, नवऱ्याचं होतं, वय चाळीस आणि मृत्यूचं कारण ‘ताप’. त्या पानावर खालीवर सगळीकडे तापच आहे. सरकारी आकड्यांतही मानमोडीचे बहुतेक बळी तापाखालीच धरले गेले, तेव्हा ‘इन्फ्लुएन्झा’ शब्द शोधत बसू नका.

मग त्या खेड्यात गेलो. ख्रिस्ती घरं आता मोजकीच. एका आजोबांनी काठीने जागा दाखवली: ओढ्यापलीकडे, बाभळीच्या रांगेखाली मोकळी पट्टी, तीन कबरी दगडी, बाकी सपाट. पणजीची कुठली ते सांगणं शक्य नाही. पण पट्टी हीच, कारण आजोबांच्या वडिलांच्या आठवणीतही गावात मंडळीची दुसरी जागा नव्हती. अशा जागेची विचारपूस करताना सातबाऱ्याचा विषय काढू नका. जमिनीची भानगड आहे असा समज झाला की माणसं बोलायची थांबतात. आपण कुणाचे कोण आणि कशासाठी आलो ते आधी सांगा, पाणी विचारलं जाईल तेव्हा प्या, घाई करू नका.

दगड वाचायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात अक्षरं उठतात. नाहीतर बॅटरी बाजूने धरा. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश, खडू, ॲसिड अजिबात नको. नाव गेलं तरी ‘योहान ११:२५’ असा वचनाचा उल्लेख पुष्कळदा टिकतो आणि ती कबर ख्रिस्ती माणसाची हे तरी ठरतं. काँग्रेस गवताची ॲलर्जी असेल तर पूर्ण बाह्या आणि मास्क. पावसाळ्यात गवतात पाऊल टाकू नये. होळीनंतर ते ईस्टरपर्यंत सगळ्यात बरं, बऱ्याच ठिकाणी ईस्टरआधी कबरी साफ करून चुना लावलेला असतो.

आता तिथे नावाचा एक दगड बसवायचा आहे. त्यासाठी वडाळ्याच्या मंडळीकडे अर्ज दिला आहे, गावात ग्रामपंचायतीच्या कानावर घातलं आहे. ‘ज्ञानोदय’चं पान, वहीचं पान आणि नमुना १४ ची नक्कल मोडीच्या लिप्यंतरासह, यांचा एक संच मंडळीच्या कपाटात ठेवला आहे. त्याच पानांवर आजूबाजूच्या खेड्यांतल्या आणखी बऱ्याच जणांच्या नोंदी आहेत. नेवासे तालुक्यात १९१८ च्या शरदात तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल, तर पाळकसाहेबांकडे तो संच आधी मागून पाहा.