पोहाळे लेणी, पन्हाळा आणि मसाई पठार: खासगी गाडी-गाईड ठरवून एका दिवसात

पन्हाळ्याला कोल्हापूरकर शंभरदा जातो आणि तीन दरवाजाजवळ झुणका-भाकरी खाऊन परततो. गड नीट बघायचा असेल तर एक पूर्ण दिवस, एक गाडी आणि एक गाईड एवढं आधी पक्कं करावं लागतं. आम्ही पाहुण्यांना घेऊन हा फेरा करतो तेव्हा क्रम कायम एकच ठेवतो: सकाळी पोहाळ्याची लेणी, मग पन्हाळा, शेवटी मसाई पठार. का, ते पुढे ओघात येईलच.

आधी गाडी. एस.टी. किंवा वडापनं (माणशी भाड्याच्या जीपनं) पन्हाळा होतो, पण लेणी आणि मसाई त्यात बसत नाहीत. भाड्याची गाडी बहुतेक ठिकाणी ‘८ तास, ८० किलोमीटर’ या हिशेबानं मिळते. या फेऱ्यात किलोमीटर साधारण तेवढ्यातच बसतात, तास मात्र बसत नाहीत. सकाळी साडेसहाला निघून अंधार पडताना परत, म्हणजे बारा तास धराच. जादा तासाचा दर आणि ड्रायव्हरचं जेवण निघण्यापूर्वीच बोलून घ्यायचं. पन्हाळ्यावर नगरपरिषदेचा प्रवासी कर लागतो, तो भाड्यात धरलाय की वेगळा, हेही विचारा. संध्याकाळी वाद होतो तो याच दोन-तीन गोष्टींवरून.

गाईड ठरवताना ‘किती पॉइंट दाखवणार’ हा प्रश्न विचारूच नये. विचारला की उत्तरात वीस नावं येतात आणि प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं मिळतात. मी चार जागा सांगतो: तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, राजदिंडी. या चारही ठिकाणी निवांत थांबायचं, बाकीचं वेळ उरला तर. दुसरा प्रश्न मसाईचा. पठाराखालच्या पांडवदऱ्याच्या लेण्यांची वाट त्याच्या पायाखालची आहे का, हे आधीच विचारावं. गडावरच्या सगळ्या गाईडना ती माहीत असतेच असं नाही. नसेल तर त्या भागातलाच एखादा वाटाड्या वेगळा घ्यावा.

शिवाजी पुलावरून रत्नागिरी रस्त्यानं केर्ली, आणि तिथून जोतिबाच्या अंगानं पोहाळे. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला की केर्लीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि वाहतूक बंद होते. त्या दिवसांत आदल्या रात्री चौकशी केल्याशिवाय निघू नका. रविवार आणि जोतिबाच्या खेट्यांचे, म्हणजे पायी दर्शनाला जायचे, दिवसही टाळा. तो रस्ता तेव्हा भाविकांचाच असतो.

पोहाळ्याची लेणी बौद्ध विहाराची: मधे सभामंडप, जाडसर साधे खांब, भोवती भिक्षूंच्या खोल्या. नक्षी शोधत गेलेला माणूस निराश होतो. इथं बघायची ती छिन्नी. मोबाइलचा टॉर्च समोरून मारला तर भिंत सपाट दिसते. चांगली बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. छिन्नीचे तिरके पट्टे एकाखाली एक उठून दिसतात आणि खोदणाऱ्याचा हात कुठल्या दिशेनं चालत होता ते कळतं. म्हणून लेणी सकाळी पहिली: पाय ताजे असतात, गर्दी नसते आणि डोळ्यांना दगड वाचायची सवय लागते. ती पुढे गडावर उपयोगी पडते. अत्तर-सेंट लावून जाऊ नका, आत आरडाओरडा नको. कडेकपारीला आग्या मोहोळ असू शकतं. इथं तासभर पुरतो.

पन्हाळा बाराव्या शतकाअखेरचा, शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा. गाडी आत शिरते ती चार दरवाजाच्या जागेवरून. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीच्या, बंडानंतर इंग्रजांनी तो दरवाजा पाडला. म्हणजे आपण गडाच्या तुटलेल्या बाजूनं आत येतो, आणि शाबूत दरवाजा कसा अडवतो ते कळतच नाही. म्हणून गाईडला सांगायचं, “दादा, आधी तीन दरवाजाच्या बाहेर उतरवा, तिथनं चालत आत येऊ.” बाहेरून आलं की दरवाजा, मधला बंदिस्त चौक आणि पुन्हा दरवाजा ही अडवणूक अंगावर येते. पहिल्यातून घुसलेला शत्रू चौकात कोंडला जातो. वाघ दरवाजाचीही रचना अशीच.

शेजारीच अंधारबाव. बाहेरून तीन मजली इमारत वाटते, तळाला पाणी आहे. पाण्यात कुणी विष कालवू नये म्हणून विहिरीवर अशी पहाऱ्याची वास्तू चढवली, आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघायची वाट ठेवली. पायऱ्या अरुंद आणि दमट आहेत, चपला घालून उतरू नये.

अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं. गंगा कोठी सुमारे ९५० चौरस मीटर, उंची साडेदहा मीटरच्या वर. तिच्यात २५,००० खंडी (धान्याचं जुनं माप) नागली, वरी, भात मावे असं सांगतात. लोक आत डोकावतात आणि निघतात. बाजूच्या जिन्यानं माथ्यावर जा. छताला भोकं आहेत. धान्य तिथून वरून ओतायचे. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याचा वेढा मार्च १६६० पासून कित्येक महिने गडानं सोसला, त्यामागची ताकद या माथ्यावर उभं राहिल्यावर उमजते.

समोरचा पावनगडाचा डोंगरही दाखवायला सांगा. त्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी आपल्या तोफा आणून गडावर मारा केला होता. शेजारचा डोंगर शत्रूला मिळाला की गड धोक्यात, म्हणूनच पुढे तिथं पावनगड उभा राहिला. मला विचाराल तर सज्जा कोठीवरच्या फोटोंपेक्षा हे समजून घेणं मोलाचं. तरीही तटाच्या कडेवरची ही इमारत चुकवू नका. मोगल सरदार दिलेरखानाकडून परतलेले संभाजीराजे इथं राहिले होते. आणि कोल्हापूरच्या गादीची राजधानी १७८२ पर्यंत इथंच होती, हे आपल्याच शहरात फार थोड्यांना ठाऊक असतं. जुलै २०२५ पासून पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

जेवण दोनच्या आत उरका, मग राजदिंडी, म्हणजे गडाबाहेर उतरायची आडवाट. १२ जुलै १६६० च्या रात्री, वेढा चालू असतानाच, शिवाजी महाराज इथून उतरले आणि मसाईवरून विशाळगडाकडे गेले. म्हणून मसाई शेवटी: म्हाळुंग्याकडून पठारावर आलात की मागं वळून बघा, रात्रीच्या पावसात चिखलातून किती अंतर तोडलं ते डोळ्यांना दिसतं. पावसाळ्यात इथं धुकं दाटलं की सपाटीवर दिशाच राहत नाही, तेव्हा वाटाड्याच्या पुढं जाऊ नका. फुलांच्या दिवसांत गाडी कडेलाच थांबवा.

पांडवदऱ्याची लेणी पठाराच्या कडेखाली आहेत. जांभ्यावर शेवाळ धरतं, खाचांचे बूट हवेतच. आत पाणी झिरपतं, बॅटरी पुन्हा लागते. प्रत्येकी दोन लिटर पाणी गाडीतून घेऊनच निघा, वर दुकान नाही. साडेपाचला परतीला लागा. गाईडचे ठरलेले पैसे पन्हाळ्यावरच्या त्याच्या घराजवळ सोडताना द्या, आणि वाटाड्याचे वेगळे, त्याच्याच हातात.