मॅडमचे टायर, काकांचा तळहात आणि आमचं बायबॅक

तुर्भ्याला सर्व्हिस रोडवर आमच्या शेठचं टायरचं दुकान आहे, मी काऊंटर बघतो आणि गर्दी वाढली की अलाइनमेंटच्या पिटवर पण उभा राहतो. मे महिन्याचे शेवटचे पंधरा दिवस म्हणजे आमच्या धंद्याची दिवाळी, कारण ढग दिसले की सगळ्या नवी मुंबईला एकदमच आठवतं की आपले टायर गोटा झालेत. त्यातल्याच एका शनिवारची ही गोष्ट. दुकानाबाहेर गाड्यांची रांग, आणि त्यात फोक्सवॅगनची एक लाल व्हर्टस जीटी येऊन उभी राहिली, १.५ टीएसआयवाली.

गाडी चालवत आल्या होत्या पस्तिशीच्या एक मॅडम, शेजारी त्यांचे वडील. मॅडमनी उतरल्या उतरल्या सांगितलं, २०५/५५ आर १६, ९१ व्ही, ऑल-सीझन, म्हणजे उन्हाळा-थंडी दोन्हीला चालणारे हवेत आणि त्यावर तीन शिखरांचा स्नोफ्लेक मार्क पाहिजे. साईज आणि लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, पाठ असलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचितच येतं, बाकीचे 'स्विफ्टचे दाखवा' म्हणतात. आणि तरी आमचा पोऱ्या काकांकडे बघून विचारतोय, काका कुठली कंपनी दाखवू? चावी तिच्या हातात, साईज तिने सांगितली, कार्ड पण तीच स्वाईप करणार, आणि हा काकांना विचारतोय. हे आमच्या लाईनमधलं जुनं दुखणं आहे आणि ते ट्रेनिंगने जात नाही, मी सांगून दमलो.

झालं असं की मॅडम काही वर्षं स्टुटगार्टला नोकरीला होत्या आणि तिकडे त्यांच्या गाडीला ऑल-सीझनच होते. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असला की थंडीचे टायर लावल्याशिवाय गाडी काढायला कायद्यानेच बंदी आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून नुसतं एम प्लस एस, म्हणजे चिखल-बर्फाचा टायर, असं लिहिलेलं पण चालत नाही, स्नोफ्लेकच लागतो. कारण एम प्लस एस हे कंपनी स्वतःच छापते, स्नोफ्लेकसाठी बर्फावर टेस्ट पास व्हावी लागते. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, मी नुसती मान डोलवत होतो.

मी म्हटलं मॅडम, ते रबर थंडीसाठी नरम ठेवलेलं असतं. साधारण ७ डिग्रीच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक पडतं म्हणून तिकडे ते लागतात, आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे बेलापूरला पण ७ डिग्री नसतं. आणि इथे ते मिळणं पण अवघड, २०२० च्या जूनपासून टायरच्या इम्पोर्टला लायसन्स लागतं, इम्पोर्टेड गाड्यांचे मालक एकेका साईजसाठी महिने महिने थांबलेले मी बघितलेत. शेठ केबिनमधून ओरडले, अरे आपले सगळेच टायर बारा महिने चालतात, दे ना काढून! मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं की शेठ परत मोबाईलमध्ये गेले.

"मला बर्फाचं नाही पडलेलं," त्या म्हणाल्या, "मला पाण्याचं पडलंय." मागच्या जुलैत पाम बीचवर नेरुळच्या बाजूला साचलेल्या पाण्यात गाडी गेली आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं, हातात काहीच नाही असं, एक सेकंदभर गाडी नुसती तरंगली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतं की ऑल-सीझनवर बारीक चिरा जास्त, म्हणजे पाणी जास्त कापणार.

आता इथे मला खरंच बोलावंसं वाटलं, कारण असं नीट कारण घेऊन कोण येतं. त्या बारीक चिरा, ज्यांना आम्ही सायप म्हणतो, त्या पाण्याचा पातळ थर पुसायला आणि बर्फाला धरायला. साचलेलं पाणी बाहेर फेकायचं काम मोठ्या उभ्या खाचांचं. गाडी तरंगते ती खाच उथळ झाली म्हणून, हवा कमी म्हणून, आणि सगळ्यात जास्त स्पीडमुळे. वर नरम रबरावर इतक्या चिरा पाडल्या की आपल्या गरम काँक्रीटवर ते ठोकळे वळणावर डुलतात, ब्रेकला गाडी जास्त अंतर घेते आणि टायर घासतो पण लवकर. जीटी घेणाऱ्या माणसाला स्टिअरिंग असं ढिलं झालेलं चालेल का? त्या हसल्या. पटलं होतं की नाही माहीत नाही, पण वही काढून लिहून घेतलं.

मग मी खाचेची खोली मोजायचा गेज लावला. मागचे दोन्ही साडेचार मिलिमीटर, ठीक. पुढच्यांना बाहेरून आणि मधे तीन. कायद्याची हद्द १.६, पण पावसात तीनच्या खाली मी स्वतः जात नाही. मॅडम म्हणाल्या, म्हणजे अगदीच वाईट नाहीत. तेवढ्यात काका खाली बसले.

काका एसटीतून रिटायर झालेले, साताऱ्याकडे, बरीच वर्षं टायर सेक्शनला. सकाळपासून त्यांचं एकच, "अजून धा हजार आरामात जातील, कशाला पैसं घालवतीस." त्यांनी पुढच्या टायरच्या पाठीमागे, आतल्या कडेला, जिथे आपण वाकल्याशिवाय दिसत नाही तिथे तळहात घातला आणि एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर फिरवला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच. उठले आणि म्हणाले, "टो उघडलाय. आतनं संपल्यात दोन्ही."

मी स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारला तर आतल्या कडेला खाच जवळजवळ सपाट, एका ठिकाणी तार दिसायच्या बेतात. टो म्हणजे चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर किती वळलीय ते. टो बाहेर गेला की चाक थोडं तिरपं घासत पळतं, मग नक्षीच्या कडा एका बाजूने धारदार होतात, एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलटा फिरवला की टोचतं. आम्हाला हे माहीत असतं, पण आता कोण हात फिरवतो, मशीन आहे ना.

मॅडम म्हणाल्या, शक्यच नाही, एक महिन्यापूर्वीच अलाइनमेंट केलंय, आणि ग्लोव्ह बॉक्समधून दुसऱ्या एका वर्कशॉपचा प्रिंटआऊट काढला. सगळे आकडे हिरवे. मी तो हातात घेऊन वरचा कोपरा वाचला तर गाडीचं मॉडेल भलत्याच कंपनीची एक हॅचबॅक. म्हणजे आधीची गाडी उतरवली, हिची चढवली आणि मॉडेल बदललंच नाही, मशीनने दुसऱ्याच गाडीच्या हद्दी धरून हिरवा दिवा दिला. हिरवा रंग बघून गिऱ्हाईक खूश, वरचा कोपरा कोणी वाचत नाही. तुमच्याकडे असा कागद असेल तर आज वाचा, हे मी सगळ्यांनाच सांगतो.

आमच्या मशीनवर चढवली, खरं मॉडेल टाकलं. दत्ता अलाइनमेंट करतो, हात चांगला आहे पण शनिवारी घाईत गाडी मागेपुढे ढकलून घ्यायची स्टेप खातो. चाकाला लावलेला क्लॅम्प कधीच अगदी सरळ बसत नाही, तो फरक काढायला ती स्टेप असते. काकांनी त्याला दोनदा ढकलायला लावली. पुढचे दोन्ही टो लाल, बाहेरच्या बाजूला, काका म्हणाले तसेच.

तरी काका सगळीकडे बरोबर होते असं नाही. त्यांचं म्हणणं, दोनच नवे घ्या आणि पुढं टाका, इंजिन पुढं, ओढ पुढं. हे नव्वद टक्के लोक म्हणतात. मी सांगितलं की दोनच घेतले तर नवे मागे टाकायचे, मागचे चांगले निघालेत ते पुढे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतं, पाय काढता येतो. मागचे घसरले तर गाडी फिरते आणि कळेपर्यंत तोंड उलट्या दिशेला असतं. काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "एसटीला मागं चार चाकं असत्यात." बरोबर आहे, त्यांचं सगळं गणित सहा चाकांवर बसलेलं.

मी दोन सांगितले तेव्हा शेठनी केबिनमधून घसा खाकरला. एका कंपनीची स्कीम चालू होती, टार्गेट झालं की परदेशातली ट्रिप, आणि महिनाअखेर. पण मॅडमच म्हणाल्या चार, दर दुसऱ्या आठवड्याला एक्सप्रेसवेने पुण्याला जाते, चारही सारखे पाहिजेत.

मग निवड. शेठ बाहेर येऊन टायरवर छापलेला ट्रेडवेअरचा, म्हणजे किती टिकेल त्याचा आकडा दाखवायला लागले, हा बघा मोठा आकडा, जास्त चालणार. तो आकडा ज्याची त्याची कंपनी आपल्याच टेस्टवर देते, एका कंपनीचा दुसरीशी लावून काही अर्थ नाही. शेजारचं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, ए किंवा डबल ए ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारून काढतात, वळणाचं आणि तरंगण्याचं त्यात काहीच नाही. मॅडमना हे माहीत होतं. शेठनी मग २०५/६० सुचवला, खड्ड्यांना बरा म्हणून. त्याने चाकाचा व्यास तीन टक्क्यांनी वाढतो, गाडी साधारण एक सेंटीमीटर वर उचलली जाते आणि वळणावर जास्त झुकते. नको म्हणाल्या. मिशेलिनचा प्रायमसी, कॉन्टिनेन्टलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट आणि योकोहामाचा ब्लूअर्थ असे तीन समोर मांडले, त्या प्रत्येकाच्या उभ्या खाचांत बोट घालून बघत होत्या, कडेची साईडवॉल अंगठ्याने दाबत होत्या. कॉन्टिनेन्टल ठरला. मी पण तोच सांगितला असता, किंवा प्रायमसी, खरं तर त्या दोघांत त्यांच्या वापराला फार फरक पडणार नव्हता, आतली कड खाणारा टो तसाच राहिला असता तर कुठलाही टायर वर्षभरात संपलाच असता.

पोऱ्याने गोडाऊनमधून चार आणले, त्यातल्या दोघांवरची तारीख बाकीच्यांपेक्षा दीड वर्ष जुनी. टायरच्या कडेला डॉट (DOT) अशी अक्षरं असतात, त्यापुढचे शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, ०८२४ म्हणजे २०२४ चा आठवा आठवडा. मॅडमनी बघायच्या आधी मीच परत पाठवले. टायरमध्ये नायट्रोजन भरायचा का ते मी विचारलंच नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. बोल्ट गनने कचकावून आवळायला घेतले तेव्हा काका ओरडले, हातानं घे! मग टॉर्क रेंच निघाला, जो आमच्याकडे आहे हे मलाही विसरायला झालं होतं. बिलावर बोलणी झाली, तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता, आता १८ झालाय, काका म्हणाले सरकारचा एक टायर धर पाचवा.

आणि मग बायबॅक. जुना टायर दुकानात सोडला की आम्ही काही शे रुपये बिलातून कमी करतो. काकांनी विचारलं, "हे पुढं कुठं जातंय?" मी म्हटलं भंगारवाला नेतो, रिसायकलला. काका नुसते माझ्याकडे बघत राहिले. एसटीत प्रत्येक टायरला नंबर असतो, किती किलोमीटर चालला याची नोंद असते, रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवणं, ते पण त्यांच्याच प्लांटमध्ये. म्हणाले, "ह्यावर गरम लोखंडानं नवी खाच पाडत्यात आणि कुणाच्या तरी टॅक्सीला घालत्यात. मी बघितलंय." मी पण बघितलंय. खाच पाडायला ट्रकच्या टायरमध्ये, आणि त्यातही तसं लिहिलेलं असेल त्यातच, जास्तीचं रबर ठेवलेलं असतं. कारच्या टायरमध्ये खाचेखाली थेट स्टीलचा पट्टा. वरून मात्र नवा दिसतो.

मागचे दोन चांगले होते, ते राहू द्या म्हणाले, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. पुढच्या दोघांसाठी त्यांनी आमच्याकडे कटर मागितला. टायर मांडीखाली दाबून धरला आणि साईडवॉल चारही बाजूंनी चिरली, शर्टाला काळं लागलं, मॅडम म्हणत होत्या बाबा पुरे, गिऱ्हाइकं बघत होती. दुसरा पण तसाच. शेठ म्हणाले, काका ह्याचे पैसे मिळणार नाहीत आता. काका म्हणाले, नकोत. मॅडमनी दोनच टायरचे बायबॅक धरून बिल करायला सांगितलं आणि गेल्या.

शेठ संध्याकाळी म्हणाले, असं परत दुकानात होऊ द्यायचं नाही, लोकांसमोर बरं दिसत नाही. मी त्यांच्यासमोर हो म्हटलं. आता शेठ केबिनमध्ये नसले की बिल करताना मीच विचारतो, तार दिसायला लागलेले टायर कापून देऊ का. बहुतेक जण म्हणजे काय ते विचारतात, मी सांगतो, ऐकून घेतात. परवा एक जण फॉर्च्युनरवाला होता, सगळं नीट ऐकलं, म्हणाला, बरं आणि कापले तर मला किती मिळणार? म्हटलं, काहीच नाही. मग राहू दे म्हणाला, तेवढ्यात वॉशिंग होईल.