मला कन्सोलची स्पर्धा का हवी आहे

२६ ऑगस्ट २०२५ रोजी गेमिंगच्या जगात एक अदलाबदल झाली. मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा ‘गिअर्स ऑफ वॉर’ हा खेळ नव्या रूपात सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रावर, आला आणि सोनीने प्रकाशित केलेला ‘हेलडायव्हर्स २’ त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर गेला. एक्सबॉक्स ३६० का घ्यावा असे २००६ साली कोणी विचारले, की ज्या खेळांची नावे आधी घेतली जात, त्यांतलाच हा ‘गिअर्स’. पुढे ऑक्टोबरमध्ये ‘हेलो’सुद्धा २०२६ साली प्लेस्टेशनवर येणार असल्याचे जाहीर झाले. २००१ साली पहिल्या एक्सबॉक्ससोबत आलेला आणि त्या यंत्राची ओळखच बनलेला हा खेळ एक दिवस सोनीच्या दारात जाईल, असे दहा वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते, तर आमच्या कट्ट्यावर त्याला कोणी उभेही केले नसते.

बेळगावातील आमच्या मित्रमंडळींत या बातमीने आनंदच झाला. येथे एका घरात एकच कन्सोल परवडतो, तोही घरच्यांची समजूत काढून आणि बहुतेक वेळा हप्त्यांवर घेतलेला असतो. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचे गाजलेले खेळ आपल्याच यंत्रावर येणार असतील तर ते कोणाला नको आहे? हा आनंद मला समजतो आणि ‘गिअर्स’ मीही घेतला. तरीही कन्सोलची स्पर्धा संपली म्हणून गल्लीत कुंदा वाटावा, असे मला वाटत नाही. माझे मत असे आहे, की खेळ खुशाल सर्व यंत्रांवर यावेत, पण या कंपन्यांनी एकमेकींवर डोळे वटारून उभेच राहावे, कारण आमच्यासारख्या लहान शहरांतील गेमरच्या हाती आज जे थोडेफार हक्क उरले आहेत, ते याच चुरशीतून मिळालेले किंवा टिकलेले आहेत.

हे म्हणणे पटण्यासाठी आमच्याकडे गेम कसे खेळले जातात ते सांगायला हवे. प्लेस्टेशन ५ आल्यापासून सोनीच्या मोठ्या नव्या खेळांची किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत गेली. ही रक्कम स्वतःच्या खिशातून दर वेळी मोजणारे गेमर बेळगावात फार थोडे आहेत. म्हणून खेळाची डिस्क फिरते. टिळकवाडीतला एक जण पहिल्या आठवड्यात पूर्ण किंमत देऊन ती घेतो, खेळून झाल्यावर शहापुरातल्या दुसऱ्याला कमी पैशांत देतो, तेथून ती वडगावला, मग खानापूरला किंवा निपाणीला जाते आणि कधी कोणाच्या पाहुण्यांच्या पिशवीतून कोल्हापूरही गाठते. डिस्क घेताना ती उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची, मधल्या भोकाभोवती तडा आहे का ते पाहायचे, मध्यापासून कडेकडे जाणारी बारीक रेघ असेल तर चालवून घ्यायची, पण डिस्कच्या गोलाईबरोबर फिरलेली खोल रेघ दिसली तर निमूटपणे परत द्यायची, हे येथल्या कॉलेजच्या पोरांनाही पाठ आहे. खोक्यातल्या एकदाच चालणाऱ्या कोडचा कागद वापरलेला असणारच, त्यामुळे त्याची आशा कोणी धरत नाही. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी प्लेस्टेशन ५ आला तेव्हा डिस्कचा कन्सोल ४९,९९० रुपयांना आणि बिनडिस्कचा ३९,९९० रुपयांना होता. दहा हजारांची ही बचत मोठी वाटते, परंतु माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने तेव्हा दिलेला सल्ला अगदी खरा होता: “डिस्कवालाच घे, उद्या गेम विकताना बरं पडतंय.”

आता २०१३ सालाकडे वळतो, कारण कन्सोलच्या इतिहासातील याच प्रसंगाने माझे मत घडवले. त्या वर्षी २१ मे रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला आणि काही दिवसांतच त्याच्या अटी समोर आल्या. डिस्क विकत घेतली तरी खेळ घेणाऱ्याच्या ऑनलाइन खात्याला जोडला जाणार होता. तो मित्राला द्यायचा झाल्यास फक्त एकदाच देता येणार होता आणि तो मित्र तुमच्या एक्सबॉक्सवरील मित्रांच्या यादीत किमान ३० दिवसांपासून असणे आवश्यक होते. शिवाय कन्सोलने दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावली नाही, तर घरात असलेली डिस्कसुद्धा चालणार नव्हती. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी एक्सबॉक्स ३६० आहेच, असे उत्तर एक्सबॉक्स विभागाचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी दिले होते.

हे उत्तर वाचताना मला कणकुंबी आणि जांबोटीकडच्या मित्रांची आठवण झाली. खानापूर तालुक्याच्या त्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात पाऊस असा कोसळतो, की झाड पडून तारा तुटल्या तर वीज केव्हा येईल याचा नेम नसतो, मग नेटचे तर नावच नको. वीज परत आल्यावर नेट येण्याची वाट पाहत, स्वतःच्या पैशांनी घेतलेली डिस्क हातात धरून बसायचे, अशी ती अट होती. ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अशी गावे नव्हती, एवढे स्पष्ट आहे.

त्या अटी मागे घेण्यास मायक्रोसॉफ्टला कोणी भाग पाडले? गेमरचा संताप होताच, परंतु संताप एकटा पुरला नसता. १० जून २०१३ रोजी लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनात सोनीने मंचावरून सांगितले, की प्लेस्टेशन ४ वर वापरलेल्या डिस्क चालतील, इंटरनेटवर हजेरी लावावी लागणार नाही आणि किंमत ३९९ डॉलर असेल. एक्सबॉक्स वनची किंमत ४९९ डॉलर होती. सोनीने त्याच वेळी एक लहानशी चित्रफीतही दाखवली. प्लेस्टेशनवर मित्राला गेम कसा द्यावा, याची ती माहिती होती आणि तीत सोनीच्या गेम स्टुडिओंचे तेव्हाचे प्रमुख शुहेई योशिदा आपल्या सहकाऱ्याच्या हातात डिस्कचा खोका ठेवतात, एवढेच दिसते. नऊ दिवसांनी, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टने सर्व अटी मागे घेतल्या. ग्राहकाला जाण्यासाठी दुसरे दार उघडे होते आणि ते दार स्वस्तही होते, म्हणूनच हे घडले. टिळकवाडीची डिस्क आज निपाणीला जाऊ शकते, त्याचे श्रेय मी त्या नऊ दिवसांना देतो.

याआधीचा इतिहासही तेच सांगतो. १९९१ साली निन्टेंडो या गेम कंपनीने सोनीसोबतचा सीडीवर चालणाऱ्या यंत्राचा करार ऐन वेळी बाजूला सारून फिलिप्सचा हात धरला आणि दुखावलेल्या सोनीने पुढे स्वतःचा कन्सोल काढला. १९९५ च्या ई३ मध्ये सेगा कंपनीने आपला सॅटर्न कन्सोल ३९९ डॉलरना जाहीर केल्यावर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, “२९९” एवढेच बोलले आणि खाली उतरले. एका आकड्याने संपूर्ण बाजाराची किंमत खाली आणली, आणि मला त्या भाषणाइतके चांगले भाषण या क्षेत्रात दुसरे आठवत नाही.

स्पर्धेने फक्त भलेच केले, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. एकाच खेळात वेगवेगळ्या कन्सोलच्या मित्रांना एकत्र खेळू देण्यास सोनीने बराच काळ नकार दिला आणि ‘फोर्टनाइट’साठी ती अडवणूक सप्टेंबर २०१८ मध्ये सैल झाली. विशिष्ट कन्सोलपुरते खेळ बांधून ठेवण्याच्या करारांनी तर आपल्या माणसांचेही नुकसान केले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने ‘राजी’ हा आपल्या पुराणांच्या वातावरणातला सुरेख खेळ घडवला. तो १८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वांत आधी निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर आला आणि इतर यंत्रांवर ऑक्टोबरमध्ये पोहोचला. स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. तो घ्यायचा म्हणजे ग्रे मार्केटमधून, म्हणजे अनधिकृत विक्रेत्यांकडून, वॉरंटीविना. पुण्यात घडलेला खेळ बेळगावच्या मराठी मुलांना दोन महिने नुसता चित्रफितींतून पाहावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते. स्टुडिओला त्याबद्दल मी दोष देत नाही. लहान संस्थेला जो मोठा मंच मिळेल तो तिने घ्यावाच. दोष त्या बांधून ठेवण्याच्या पद्धतीचा आहे. ही पद्धत संपत असेल तर मला मनापासून आनंद आहे आणि ‘गिअर्स’च्या बातमीत स्वागतार्ह भाग एवढाच आहे.

चिंतेचा भाग वेगळा आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्या पोटात एएमडी या एकाच चिप कंपनीच्या एका पिढीच्या चिप आहेत. यंत्रे सारखी, खेळही बरेचसे सारखे, मग उरतो तो नियमांतला आणि किमतींतला फरक. एक्सबॉक्सने आपले हुकमी खेळ समोरच्याला दिले, तर लोकांनी त्याचे यंत्र घ्यावे कशासाठी? आणि ते यंत्र मागे पडले, तर उद्या सोनीने २०१३ सारख्या अटी घातल्यावर ‘आमच्याकडे तसे नाही’ असे मंचावरून सांगणारा कोण उरेल?

डिस्क बाहेर काढण्याची तयारी तर सर्वांचीच चालू आहे. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कची सोय पहिल्यापासूनच नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ६९९.९९ डॉलरना आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये ती वेगळे पैसे मोजून बसवावी लागते. (हा कन्सोल वाय-फायच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या परवानगीअभावी तेव्हा भारतात आलाच नाही, हे आणखी एक दुखणे.) निन्टेंडो स्विच २ मध्ये डिस्कऐवजी घालायच्या अनेक कार्डांवर खेळ नसतोच, फक्त तो डाउनलोड करण्याची किल्ली असते, आणि ती पुढे विकता येते हीच काय ती जमेची बाजू. ज्यांना वाटते, की डिस्क गेली तरी महिन्याच्या वर्गणीत सर्व काही मिळेल, त्यांनी ऑक्टोबर २०२५ मधली वाढ पाहावी. एक्सबॉक्सची गेम पास अल्टिमेट ही वर्गणी भारतात महिना ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपयांवर गेली. वर्गणी वाढली म्हणून आपला खेळ कोणाला विकता येत नाही, कारण तो आपला नसतोच.

डिस्क हे सर्व रोगांवरचे औषध आहे, असा माझा दावा नाही. इंटरनेटशिवाय न चालणाऱ्या ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि डिस्क बाळगणाऱ्यांचेही हात रिकामे राहिले. त्यावरून रॉस स्कॉट यांनी सुरू केलेल्या चळवळीच्या युरोपातील मागणीपत्रावर पुढल्या वर्षी दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. तशी जागरूकता आपल्याकडेही यायला हवी.

म्हणूनच एक्सबॉक्सवाले आणि प्लेस्टेशनवाले ज्या भांडणांत रात्री घालवतात, त्यांबद्दल मला खंत वाटते. कोणाची विक्री किती, कोणाच्या गेमला किती गुण, यावरून एकमेकांच्या आईबापापर्यंत जाणारी पोरे गेम पासची वाढ झाली तेव्हा समोरच्या कंपनीची फजिती म्हणून हसत होती. फजिती कंपनीची झाली नव्हती. बेळगावच्या कॅम्प भागात राहणाऱ्या त्यांच्याच मित्राच्या खिशातून महिन्याला ५६० रुपये जास्त गेले होते. कंपनीला जाब विचारण्यासाठी हीच शक्ती वापरली गेली असती, तर तिचा काही उपयोग झाला असता. २०१३ साली ती तशी वापरली गेली होती, हे ज्यांनी पाहिले त्यांनी धाकट्यांना सांगितले पाहिजे.

पुढच्या पिढीचे कन्सोल जाहीर होतील तेव्हा चिप, टेराफ्लॉप (यंत्राच्या गणनेचा वेग) आणि ट्रेलर यांआधी मी दोन गोष्टी पाहणार आहे: डिस्कची सोय मूळ किमतीत आहे का आणि ती डिस्क नेट नसताना चालते का. मायक्रोसॉफ्टने हे दोन्ही दिले आणि सोनीने गाळले, तर प्लेस्टेशन २ पासूनची सवय सोडून मी एक्सबॉक्स घेईन. उलट झाले तर आहे तेथेच राहीन. दोघांनीही गाळले, तर आहे तोच प्लेस्टेशन ५ दुरुस्त करून वापरीन आणि शहापूर-वडगावच्या आमच्या मंडळींनाही तोच सल्ला देईन.