कातळ्या

गेले दोन महिने रात्रीची जेवणं झाली की मी आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या (फासे टाकत, मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ; आमच्यात तो मी चालवतो) कॅम्पेनसाठी, म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या मोहिमेसाठी, नवा ड्रॅगन घडवत बसतोय. आता तो नीट उभा राहिलाय, म्हणून लिहितो.

मूळ खेळात रंगांचे पाच आणि धातूंचे पाच ड्रॅगन आहेत. होमब्रू, म्हणजे घरचं स्वतःचं काही रचायला घेतलं की पहिला हात रंगालाच जातो. मीही 'यंग ब्लॅक' ड्रॅगनचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे ताकदीच्या आकड्यांचा तक्ता, घेतला, रंग तांबूस केला, ॲसिड खोडून तिथे चिखल लिहिला आणि दोन दिवसांनी कागद फाडला. हे प्राणी राहतात कुठे, आणि मारायला कोणी आलेलं नसतं तेव्हा दिवसभर करतात काय, हेच मला सांगता येत नव्हतं.

उत्तर घरचंच निघालं. आम्ही रत्नागिरीचे. घर बांधायला काढलं तेव्हा बाबा मला चिरेखाणीवर घेऊन गेले होते. नुकत्याच काढलेल्या चिऱ्यावर मी नखाने रेघ ओढली, तर खरंच उमटली. चिरा गार, ओलसर, आणि नखात लाल माती. पुढे त्याच चिऱ्यांच्या गडग्यावर आपटून माझा गुडघा फुटला. हे चिरे जांभ्या दगडाचे, आणि जांभा असाच असतो. जमिनीखाली ओला असतो तोवर मऊ, वाऱ्यावर आला की कडक होत जातो.

माझा ड्रॅगन, कातळ्या, तिथून आला. उन्हाळाभर तो सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, कातळाला कातळ होऊन पडलेला असतो. पावसात त्याच्या पाठीवर गवत येतं, गेंद आणि सीतेची आसवं फुलतात. आणि तो ओकतो तो ओला जांभा: ३० फुटांची सरळ रेघ, अंगावर पडताना चिखल, मग दगड.

खरी मेहनत पुढे होती. पहिल्या मसुद्यात सेव्हिंग थ्रो (वाचण्यासाठी टाकायचा फासा) चुकला की माणूस थेट पॅरलाइझ्ड, म्हणजे त्याला काहीच करता येत नाही. सुटायला दर फेरीला एक फासा. आमची क्लेरिक (देवाच्या मंत्रांनी मदत करणारं पात्र खेळणारी) तीन फेऱ्या सुटली नाही. लढाई रंगात आलेली आणि ती जवळजवळ पाऊण तास आपले फासे रंगांप्रमाणे लावत बसली. ते बघून मला फार वाईट वाटलं. रविवारची दुपार काढून ती खेळायला आली होती.

म्हणून दगड व्हायला वेळ दिला. फूत्काराचं नुकसान ११ डी ८ (आठ बाजूंचे अकरा फासे) वरून ५ डी ८ वर आणलं. पहिला सेव्ह चुकला तर फक्त वेग निम्मा. पुढच्या टर्नअखेरी पुन्हा चुकला तर रिस्ट्रेन्ड: जागचं हलता येत नाही, पण शस्त्र चालवता येतं, मंत्र म्हणता येतो. शेजारचा सोबती आपली ॲक्शन खर्चून कवच फोडू शकतो. आता अडकलेल्याकडे दुसऱ्याला धावावं लागतं, आणि टेबलावर सगळे एकदम बोलायला लागतात.

गेल्या रविवारी फायटर, म्हणजे लढवय्या, अडकला. 'रोग' (Rogue) म्हणजे चोरटं पात्र खेळणाऱ्या मित्राने विचारलं, "माझ्याकडे पखाल आहे. पाणी ओतलं तर?"

हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. पण चिखल ओला ठेवला तर तो कडक होणार कसा? मी लगेच हो म्हटलं. चिखल ओघळला, फायटर सुटला.

क्लेरिक मात्र गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पावसाळ्यात याचा फूत्कार दगड होतच नाही." मी मान डोलावली. तिने कॅम्पेनचं कॅलेंडर पुढे ओढलं, पावसाला किती दिवस उरलेत ते मोजलं आणि सगळ्यांना विचारलं, "तोवर थांबू या का? पावसात तो आपल्याशी बोलेल कदाचित."

चौघांनी हात वर केले. कातळ्याचा आवाज कसा असेल, ते आता मला रविवारपर्यंत ठरवायचंय.