गादीवरून दिसलेला लक्ष्मी रोड

पुण्यात लक्ष्मी रोडवर, कुंटे चौकाजवळच्या एका साडीच्या दुकानात मी अठ्ठावीस वर्षं गादीवर होतो. लग्नसराईत बस्ता बांधायला जुन्नर-इंदापूरकडची कुटुंबं पहिल्या एसटीने निघून दुकान उघडायच्या आधी दारात हजर असायची. आधी आहेराच्या साड्या, मग मानाच्या, शालू शेवटी. शालूचा पदर उलगडला की सगळ्या बायका गप्प व्हायच्या आणि नवरीच्या आईकडे बघायच्या. तो क्षण मला रोज नवा वाटायचा.

रस्ता मात्र दिसायचा नाही. दिसायच्या त्या दारातल्या चपला.

लक्ष्मी रोड हे नाव दगडूशेठ हलवाईंच्या पत्नी लक्ष्मीबाईंवरून पडलं, हे मला तिथे लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. रोज ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर पोट भरत होतो, त्यांना मी देवी समजत होतो. पुढे बेलबाग चौकात नाना फडणवीसांनी बांधलेलं विष्णूचं देऊळ आहे. खरेदीच्या गर्दीत त्याच्या दाराकडे कुणाचं लक्ष जात नाही. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसायचो. आत गेलं की हॉर्नचे आवाज एकदम मागे पडतात. गिऱ्हाइकांनाही मी सांगायचो, पिशव्या आमच्याकडे ठेवा आणि पाच मिनिटं जाऊन या.

२०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवतात. तेव्हा मी मुद्दाम जातो आणि मान वर करून चालतो. पाट्यांच्या वर काही ठिकाणी जुने लाकडी सज्जे अजून तग धरून आहेत. ते जपायला हवेत, असं मला फार वाटतं.

पण रस्ता खरा बघावा तो अनंत चतुर्दशीला. मंडईतून निघालेली मिरवणूक बेलबाग चौकात वळून लक्ष्मी रोडला लागते आणि अलका टॉकीजच्या चौकाकडे जाते. २०२२ साली ती तीस तासांहून जास्त चालली. त्या दिवशी दुकान बंद, तरी आम्ही सगळे नोकर यायचो. आधी रांगोळी काढणारी मुलं वाकून वाकून पुढे सरकायची. मग ढोल. मग मानाच्या पहिल्या कसबा गणपतीची पालखी. मालक हार घेऊन पुढे व्हायचे, आणि आम्ही पायरीवरच्या सगळ्या चपला उचलून आत ठेवायचो.