ब्राउझर मधेच उडायचा, त्याचा बग रिपोर्ट केला – माझा अनुभव

बडोद्यात दांडिया बाजारला आमचा घरगुती कॉम्प्युटर क्लास आहे, मशीन्स सगळी जुनी, ४ जीबी रॅमची, त्यांवर डेबियन १२ (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टम) टाकलंय आणि एरवी झकास चालतं. त्रास एकच, ब्राउझर मधेच धाडकन बंद व्हायचा. एरर नाही, मेसेज नाही, विंडोच गायब. ब्राउझरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण शेवटी दोष त्याचा निघालाच नाही.

मुलं फक्त "सर, पाछुं बंध थई गयुं", म्हणजे परत बंद झालं, एवढंच सांगायची. क्लासला एक काकू येतात, त्यांना विचारलं, काकू, बंद व्हायच्या आधी नेमकं काय करत होतात? तर म्हणाल्या, "काही नाही रे, कारेलीबागला लेकीचं नवीन घर आहे ना, तो रस्ता नकाशात मोठा करून बघत होते." माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कामाची माहिती ही होती. मी तोच नकाशा उघडून भराभर झूम करत राहिलो आणि ब्राउझर उडाला, परत केलं, परत उडाला. हवं तेव्हा पाडता आलं की अर्धं काम झालं, कारण मग दुसऱ्यालाही पाडून बघता येतं.

आधी रॅमचा संशय होता. मेमरी संपली की कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, स्वतःच एखादा प्रोग्राम मारून टाकतो, पण तसं झालं तर जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, "आउट ऑफ मेमरी" अशी ओळ स्पष्ट दिसते. कर्नलच्या नोंदी दाखवणारी जर्नलसीटीएल मायनस के (journalctl -k) ही कमांड चालवून बघितलं, ती ओळ नव्हती, सेगफॉल्टची, म्हणजे प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावल्याची, होती आणि त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरच्या (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फाईलचं नाव. मग हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून, म्हणजे चित्र काढायचं काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरला देऊन बघितलं, नकाशा हळू झाला पण उडाला नाही.

पुरावा हवा म्हणून प्रोग्राम पडताना त्याची मेमरी कोअर फाईलमध्ये जपणारं सिस्टमडी-कोअरडंप टाकलं, परत पाडलं, आणि त्याच्या कोअरडंपसीटीएल कमांडमधून जीडीबी हे चूक शोधायचं टूल उघडलं. पहिला बॅकट्रेस (प्रोग्राम पडला तेव्हा कुठल्या फंक्शनमधून कुठल्या फंक्शनमध्ये गेला होता त्याची यादी) म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं, ओळीमागून ओळ, फंक्शनचं नाव कुठेच नाही. असा बॅकट्रेस पाठवला तर मेंटेनर, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणारा, बिचारा काय वाचणार त्यात! फंक्शनची नावं पुरवणारा डेबियनचा डीबगइन्फोडी सर्व्हर जोडल्यावर जीडीबी विचारतं चालू करू का, तिथे वाय दाबायचं, मग ते सिंबॉल्स, म्हणजे ती नावं, डाउनलोड करत बसतं, नेट स्लो असेल तर चहा होऊन जातो. आणि मग त्याच प्रश्नचिन्हांच्या जागी फंक्शनची नावं, फाईल, ओळ नंबर सगळं दिसायला लागतं. सगळ्यात वरच्या फ्रेम्स (बॅकट्रेसमधल्या ओळी) ड्रायव्हरच्याच होत्या, म्हणून रिपोर्ट ब्राउझरच्या नाही, ड्रायव्हरच्या पॅकेजवर टाकायचं ठरवलं.

रिपोर्टबग नावाचं टूल आहे, ते आधी त्या पॅकेजचे जुने बग दाखवतं, ते खरंच वाचा. कर्नल, व्हर्जन, डिपेंडन्सी (त्याला लागणारी बाकी पॅकेजेस) ते आपोआप भरतं. सीव्हिरिटी, म्हणजे बग किती गंभीर, विचारतं तिथे रागाच्या भरात क्रिटिकल किंवा ग्रेव्ह टाकू नका, त्यांचे अर्थ ठरलेले आहेत आणि त्यांनी रिलीज अडू शकतं, मी इम्पॉर्टंट निवडलं. आणि कोअर फाईल चुकूनही जोडू नका हां! त्यात ब्राउझरची मेमरी असते, उघडे टॅब, कधी पासवर्डसुद्धा, आणि डेबियनचे बग सगळ्या जगाला दिसतात, आपल्या ईमेल पत्त्यासकट. मी फक्त बॅकट्रेसचा मजकूर, चिपचं मॉडेल आणि नकाशा झूम करायच्या पायऱ्या दिल्या, सरळसाध्या इंग्रजीत.

बग नंबर मेलवर आला. नंतर मेंटेनरने विचारलं, बॅकपोर्ट्समधलं (आहे त्याच डेबियनसाठी बनवलेल्या नव्या पॅकेजेसमधलं) ड्रायव्हरचं नवं व्हर्जन लावून बघाल का. लावलं, काकूंनाच बसवलं, त्यांनी कारेलीबागपासून पार फतेहगंजपर्यंत नकाशा फिरवला, काही झालं नाही. तसं त्याच मेलच्या धाग्यात कळवलं. बाकीच्या मशीन्सवर आता तेच व्हर्जन टाकतोय. एका पीसीची चिप वेगळ्या कंपनीची आहे, तिथे नकाशा अजून कधीतरी उडतो आणि जर्नलमध्ये फाईलचं नावही दुसरंच येतं, म्हणजे त्याचा रिपोर्ट वेगळा टाकावा लागणार.