आधी फोन, कान आणि दार

मंगळवार, रात्री साडेनऊ

ज्येष्ठांच्या ऑनलाइन समुपदेशनात पहिली भेट मनापेक्षा फोन, कान आणि दार यांतच जाते. जाऊ द्यावी. "त्यांना बोलायचंच नाही" असं घरचे सांगतात, तेव्हा अनेकदा नीट ऐकूच आलेलं नसतं, नाहीतर सून शेजारी बसलेली असते.

फोन हातात धरला की हात भरून येतो आणि पडद्यावर कपाळ न् पंखा. स्टीलच्या उभ्या डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा; खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श निसटतात. ओरडून उपयोग नाही. सावकाश, ओठ दिसतील असं बोलावं. श्रवणयंत्र असेल तर कानात घालायचे इअरफोन बसत नाहीत, कान झाकणारे हेडफोन लागतात. स्पीकर लावलाच, तर दार बंद हवं.

"उदास वाटतं का?" याला "नाही हो, ठीक आहे" हेच उत्तर. तक्रार असते पाठीची, पोटाची, झोपेची. म्हणून ज्येष्ठांमधलं नैराश्य चाचपणारी 15 हो-नाही प्रश्नांची मापनपट्टी मला जवळची वाटते; दुखण्याखुपण्याचे प्रश्न तिच्यात जवळपास नाहीतच. गुण 5 च्या वर गेले तर पुढची तपासणी. तेवढ्यावर निदान करू नये. उदासी त्यांमुळेही असू शकते, म्हणून थायरॉइड, बी-12 आणि चालू औषधं बघायलाच हवीत.

"मन लागलं की करीन" ही गाठ उलटी सोडवायची: आधी कृती, मन मागून येतं. पण "रोज फिरायला जा" हे फार मोठं. "चहा झाल्यावर 10 मिनिटं गॅलरीतल्या खुर्चीत", हे जमतं. स्वतःच्या अक्षरात कॅलेंडरवर लिहावं, आधी आणि नंतर मनाला 0 ते 10 गुण द्यावेत. दोन दिवस चुकले की लाजेनं पुढची भेटच रद्द होते; चुकणार हे आधीच सांगून ठेवावं.

प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला "आज कुठे आहात?" विचारून पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर लिहून घ्यावा. या महिन्यात मुलाकडे पुण्यात, पुढच्या महिन्यात लेकीकडे नाशिकला. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारावं. विचारल्यानं ते वाढत नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत हवा, तिथे मराठीत, रात्रीही बोलता येतं. आणि नेट तुटलं तर फोन कुणी करायचा, हे आधीच ठरवावं. नाहीतर दोघंही वाट बघत बसतात, आणि पलीकडच्याला वाटतं, कंटाळून ठेवला.